रोबोसाठी रान विकायच्या आधी

निपाणी भागातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य मजकूर असा:

"आमचे मालक ६६ वर्षांचे. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे म्हणून दाखवलं. रक्तात पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीतून रक्तात येणारं द्रव्य) ११.४ निघालं. मग एमआरआय केला, तुकडे काढून तपासले. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, ग्लिसन ३+४ असं रिपोर्टात लिहिलंय. हाडांच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, रोबोनं केलं तर चांगलं म्हणाले. त्याचा खर्च साडेपाच लाख, साध्या ऑपरेशनचा दोन लाखांच्या आसपास. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो रोबोच करायचा, विहिरीकडचं वीस गुंठे रान काढून टाकू. धाकटे दीर म्हणतात, कॅन्सरला हत्यार लागलं की तो अंगभर पसरतो, त्यापेक्षा लाईट (रेडिएशन) द्या. मालकांना बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. त्यांना आम्ही फक्त गाठ आहे एवढंच सांगितलंय, कॅन्सर म्हटलेलं नाही. गिऱ्हाईक उतारा मागतंय. रान विकू का?"

अक्का, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विकू नका. निदान आत्ता तरी नाही, आणि रोबोसाठी म्हणून तर नाहीच.

ऑपरेशन टाळा असं माझं म्हणणं नाही. दाजींच्या रिपोर्टवरून ऑपरेशन हा त्यांच्यासाठी चांगला मार्ग ठरू शकतो, आणि रोबोनं केलं तरी ते उत्तम होऊ शकतं. पण तुमच्या घरात जो हिशेब चाललाय त्यात एक गोष्ट कुणी न तपासता धरून चाललंय: साडेतीन लाख जास्त मोजले की कॅन्सर तेवढा जास्त मुळापासून जाईल. हे खरं नाही. मुलगा बापाच्या मायेपोटी बोलतोय, त्याला नावं ठेवू नका. फक्त रान विकून नेमकं काय विकत घेतोय ते त्यालाही कळू दे.

आधी घाईबद्दल. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. ग्लिसन म्हणजे असं: तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना पेशींची जी ठेवण सगळ्यात जास्त दिसते तिला ते एक आकडा देतात आणि त्याखालोखाल दिसते तिला दुसरा. ३+४ म्हणजे सौम्य ठेवण जास्त आणि आक्रमक कमी. ४+३ ची बेरीजही सातच येते, पण तो रोग जास्त जहाल. दाजींचा पहिला आकडा तीन आहे आणि पीएसए दहा ते वीसच्या मधे. डॉक्टर याला मध्यम जोखमीचा रोग म्हणतात. अशा रोगात महिना-दीड महिना विचार करायला, दुसरं मत घ्यायला आणि पैशाची सोय लावायला मिळतो. तुकडे काढल्यावर आतली सूज उतरायला काही आठवडे जावे लागतात, म्हणून बरेच सर्जन मुद्दाम तेवढे थांबतातही. गिऱ्हाईकाला घाई असेल, दाजींच्या रोगाला एवढी घाई नाही.

ब्रिटनमध्ये अशाच, प्रोस्टेटबाहेर न गेलेल्या कॅन्सरच्या १,६४३ पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर नुसतं लक्ष ठेवून गरज पडली तेव्हाच उपचार केले. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टरांनी निवडलं नव्हतं, सोडत पद्धतीनं ठरलं होतं. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये हिशेब आला तेव्हा तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरनं गेलेले १०० मागे तीनसुद्धा भरले नाहीत, आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. लक्ष ठेवलेल्या गटात मात्र रोग शरीरात दुसरीकडे पोचल्याचं प्रमाण दुप्पट होतं, ९.४ टक्के. या अभ्यासातल्या बहुतेकांचं पीएसए दाजींपेक्षा बरंच कमी होतं, त्यामुळे हातावर हात ठेवून बसा असा याचा अर्थ मी काढत नाही. दाजींनी उपचार घ्यावेत असंच मला वाटतं. भीतीनं आंधळं होऊन ठरवू नका, एवढ्यासाठी हे आकडे सांगितले.

आता रोबो. हा शब्द ऐकला की यंत्र आपलं आपण कापतं असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रं पाडतात, सेंटिमीटरच्या आसपासची. त्यातून कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत जातात, ती यंत्राच्या हातांना जोडलेली असतात. सर्जन त्याच खोलीत थोडा बाजूला बसतो, भिंगात डोळे घालून. आतलं चित्र त्याला मोठं आणि त्रिमितीय दिसतं. तो बोटं हलवतो तशी आतली हत्यारं हलतात, मनगटासारखी वळतात, हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. सर्जननं हात थांबवला की यंत्र थांबलं. अमेरिकेत २००० साली या यंत्राला मान्यता मिळाली, 'दा विंची' हे त्याचं सगळ्यात माहीत असलेलं नाव. आता भारतात बनलेली यंत्रंही आली आहेत. यंत्र महाग, त्याची देखभाल महाग, आणि हत्यारं ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात. तुमच्या अंदाजपत्रकातले वरचे पैसे बहुतेक तिथं जातात.

प्रोस्टेट असतं मूत्राशयाच्या खाली, आक्रोडाएवढं, आणि लघवीची नळी त्याच्या मधून जाते. गावात कुणाचं 'दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन' झालं, दोन दिवसांत घरी आला, असं तुम्ही ऐकलं असेल. ते वेगळं. त्यात लघवीच्या वाटेनं जाऊन आतला वाढलेला भाग खरवडतात, प्रोस्टेट जागेवरच राहतं. कॅन्सरमध्ये अख्खं प्रोस्टेट शुक्राशयाच्या पिशव्यांसकट काढतात. मग मूत्राशयाचं तोंड आणि खालची लघवीची नळी यांच्यात जागा पडते, ती टोकं एकमेकांना शिवून जोडावी लागतात. हे शिवणकाम ओटीपोटाच्या पार तळाशी, हाडांच्या अरुंद कप्प्यात चालतं. प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून अगदी बारीक नसा जातात, पुरुषाच्या ताठरपणाच्या. आणि लघवी धरून ठेवणारा स्नायू लगेच खाली. कॅन्सर मागे राहू नये म्हणून सढळ कापायचं, आणि नसा नि स्नायू वाचावेत म्हणून हात राखून कापायचं. सर्जनची सगळी कसोटी इथं लागते. रोबोची मदत होते ती याच जागी, दिसायला आणि शिवायला.

मदत किती होते? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका सरकारी हॉस्पिटलात ३२६ पुरुष घेतले, निम्म्यांचं पोट उघडून केलं, निम्म्यांचं रोबोनं. रोबोच्या गटात रक्त सरासरी साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास गेलं, उघड्या ऑपरेशनमध्ये तेराशेच्या वर. रोबोवाले सरासरी दीड दिवसात घरी गेले, बाकीचे सव्वातीन दिवसांत. सुरुवातीचं दुखणंही रोबोत कमी. हा फायदा खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण लघवीवरचा ताबा आणि पुरुषाची ताकद सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी मोजली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. दोन वर्षांत पीएसए पुन्हा वाढल्याचं प्रमाण रोबोच्या बाजूला थोडं कमी होतं, पण ऑपरेशननंतरचे उपचार सगळ्यांना एका नियमानं दिलेले नव्हते, म्हणून त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका असं खुद्द ते काम करणाऱ्यांनीच लिहिलंय.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना एकेकच सर्जन होता. पोट उघडून करणाऱ्याच्या हाताखालून आधी दीड हजारावर अशी ऑपरेशनं गेली होती, रोबोवाल्याच्या दोनशेच्या आसपास. म्हणजे रोबोनं कमी अनुभवाच्या हाताला जास्त अनुभवाच्या हाताच्या बरोबरीला आणलं, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मला त्यातून हात किती सरावलेला आहे हेच पुन्हा दिसतं. अमेरिकेत ७२ सर्जन आणि साडेसात हजारांवर रुग्ण घेऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उघड्या ऑपरेशनच्या बाबतीत, हे सरळ मोजलं होतं. ज्याची आधी दहा ऑपरेशनं झालीत अशा सर्जनकडे पाच वर्षांत कॅन्सर पुन्हा डोकावण्याचं प्रमाण १०० मागे जवळजवळ १८ होतं. ज्याची अडीचशे झालीत त्याच्याकडे ११ च्या आत.

अक्का, एवढा फरक यंत्रानं पडत नाही. म्हणून पैसे हाताचे मोजा. तुमच्या भागात रोबोवर रोज बसणारा सर्जन असेल आणि दोन लाखांत उघडं ऑपरेशन करणाऱ्यानं असं वर्षाकाठी एखादंच केलेलं असेल, तर रोबोवाल्याकडे जा, आणि त्याचे जास्त पैसे मला पटतात. उलट, हॉस्पिटलात यंत्र नवं आलंय, जाहिरात मोठी लागलीय, पण बसणारा अजून शिकतोय, तर त्यापेक्षा सरावलेल्या हाताचं साधं किंवा पोटातून दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन शंभर पटीनं बरं.

पुढच्या भेटीला सर्जनला हे तोंडावर विचारा. विचारलं म्हणून चांगला सर्जन रागावत नाही. दाजींचं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की दुसरं कुणी? कॅन्सरचं अख्खं प्रोस्टेट काढायची अशी ऑपरेशनं तुम्ही आजवर किती केलीत, आणि वर्षाला किती करता? तुमच्या रुग्णांत वर्षभरानं पॅड लागत नाही असे किती? एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर आलेली दिसते का, नसा एका बाजूच्या वाचतील की दोन्ही? साडेपाच लाखांत काय काय आलं, काढलेल्या प्रोस्टेटची तपासणी आली का, मुक्काम वाढला तर काय? आकडे सांगायला जो कां कूं करतो आणि नुसतं यंत्राचं वर्णन करतो, त्याच्याकडे मी माझ्या घरचं माणूस नेणार नाही.

दाजींच्या रक्त पातळ व्हायच्या गोळीचं सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोघांनाही सांगा. ती कधी बंद करायची ते त्यांनीच सांगायचं, आपल्या मनानं बंद करू नका. रोबोच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून माणसाला डोकं खाली, पाय वर असं बराच वेळ तिरकं ठेवतात. त्यामुळे हृदय, फुप्फुस नीट तपासून घ्या, आणि काचबिंदू असेल तर तोही सांगा. आणि निपाणीकडचं माणूस म्हणून विचारते, दाजी तंबाखू मळत असतील, विडी ओढत असतील तर आजपासून बंद. भूल आणि जखम दोन्हीला ते बाधतं.

आता तुमच्या दिरांचं. हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. पूर्वी लोक रोग हाताबाहेर गेल्यावरच ऑपरेशनला जायचे आणि पुढं वाचायचे नाहीत, त्यातून ती बसली. गाठीपुरता असलेला रोग काढल्यानं पसरत नाही. पण दिरांचं दुसरं वाक्य, लाईट द्या, हे उडवून लावण्यासारखं नाही. मध्यम जोखमीच्या रोगात रेडिएशन हा ऑपरेशनच्या तोडीचा उपचार आहे. हल्ली ते पुष्कळ ठिकाणी महिनाभरात, आठवड्याला पाच दिवस असं वीस वेळा देतात, जोडीला चार-सहा महिने हार्मोनचं इंजेक्शन. चिरफाड नाही, लघवी गळायचा त्रास कमी. शौचाच्या तक्रारी, लघवीची जळजळ होऊ शकते. दाजी रात्री तीन-चारदा उठतात, लघवी अडखळत होत असेल तर रेडिएशनमध्ये तो त्रास वाढू शकतो, अशा माणसाला ऑपरेशन सोयीचं पडतं. पण हे ठरवायच्या आधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरांशी बसून बोला. सर्जन ऑपरेशन सांगणार हे साहजिक आहे, दुसरी बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

दुसरं मत घ्यायला मुंबईला धावलंच पाहिजे असं नाही. टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी जोडलेली 'नव्या' नावाची सेवा आहे, तिथं रिपोर्ट ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. मुलाला सांगा, पुण्यात बसून एवढं काम त्यानं करावं. आणि तपासलेल्या तुकड्यांच्या काचा (स्लाइड) आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञानं त्या पुन्हा पाहिलेल्या बऱ्या. ३+४ चा ४+३ झाला तर सगळा विचार बदलतो.

पैशाचं आता. मुलगा कंपनीत आहे ना? त्याच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांची नावं घातलीत का, ते आजच विचारा. कित्येक मुलांना हे माहीतच नसतं. २०१९ मध्ये विमा नियामकानं रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाहीत असं ठरवलंय, पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात. ती मर्यादा किती, हे पॉलिसीत बघा.

तुम्ही कर्नाटकातल्या सीमाभागातले, म्हणून सरकारी बाजूला तुम्हाला दोन्ही राज्यांची दारं ठोठावता येतील. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनानं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते बघा, आणि कोल्हापूरच्या योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो त्याला कागद दाखवा. इकडं कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएल असेल तर ठरलेल्या दराच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत. सरकारी दवाखान्याची शिफारस लागेल का, ते आधीच विचारून ठेवा. दाजी पीकेपीएसचे (गावच्या शेती सोसायटीचे) सभासद असतील तर यशस्विनी या सहकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढलं होतं का, ते सेक्रेटरींना विचारा. योजनांत ऑपरेशनचं पॅकेज असतं, रोबोचा वाढीव खर्च त्यात बसेलच असं नाही. भरती व्हायच्या आधी लेखी विचारून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी भांडण नको.

आणि सगळी पुंजी एका दिवसात संपवू नका, हे मी कळकळीनं सांगते. ऑपरेशन झालं की संपलं, असं या रोगात नेहमी होत नाही. काढलेलं प्रोस्टेट तपासून कडेपर्यंत कॅन्सर होता का ते बघतात. सहा-आठ आठवड्यांनी पीएसए करतात, ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. पुढं कधी ते ०.२ च्या वर चढू लागलं तर रेडिएशन लागू शकतं, कधी इंजेक्शनं. त्या वेळी हातात काही असलं पाहिजे. विहिरीकडचं रान तुमच्या उसाचं रान. ते गेल्यावर पुढच्या वर्षी कारखान्याकडून बिल कशाचं येणार?

यानंतरचं मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. दाजींना सांगा. कॅन्सर आहे हे त्यांना सांगा. शरीर त्यांचं, सही त्यांची, आणि ऑपरेशननंतर जे सोसायचं ते त्यांना सोसायचंय. दवाखान्यात ते पाट्या वाचतात, सुई घालून तुकडे काढलेत ते त्यांना माहीत आहे, घरात बोलणं थांबतं तेही त्यांना दिसतं. माझा अनुभव असा की बहुतेकांनी आधीच ओळखलेलं असतं, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून ते गप्प असतात. दोघं एकमेकांपासून लपवत बसता, आणि रात्री दोघांचेही डोळे उघडे. मुलगा यायची वाट बघू नका. जेवण झाल्यावर, दीर नसताना, तुम्ही दोघंच असाल तेव्हा सांगा, "गाठ निघालीय ती कॅन्सरची आहे. अजून आतच आहे, बाहेर गेलेली नाही. उपचार आहेत. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं, मी बरोबर आहे." एवढंच पुरे. मग ते गप्प बसले तर बसू द्या.

त्यांना कळलं पाहिजे अशी आणखी दोन कारणं आहेत, आणि ती दोन्ही तुम्ही पत्रात लिहिलेली नाहीत, बहुधा कुणी सांगितलीच नाहीत. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) निघाली की सुरुवातीला लघवी गळते. खोकला, शिंक, उठता-बसता गळते. जवळजवळ सगळ्यांनाच थोडीफार होते. पुष्कळांची तीन महिन्यांत बरीच कमी होते, बहुतेकांची वर्षभरात आटोक्यात येते, थोड्यांची राहते. रोबोनं केलं म्हणून हे टळत नाही. आपल्याकडचा माणूस यानं पार खचतो. देवळात जाणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद. आधी माहीत असलं तर पॅड लावून माणूस हिंडतो. लघवी मधेच रोखताना जो स्नायू आवळतो, तो दिवसातून तीन-चारदा, दहा-पंधरा वेळा आवळून सैल सोडायचा, हा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करा. लघवी करताना मात्र नको. कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

दुसरं, नवरा-बायकोचं. ऑपरेशननंतर वीर्य येत नाही, कायमचंच. ताठरपणा जातो किंवा कमी होतो, नसा वाचल्या असतील तर परत यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि या वयात पूर्वीइतका येईलच असं नाही. गोळ्या असतात, पण हृदयाच्या काही औषधांबरोबर त्या घातक ठरतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अक्का, साठी ओलांडली म्हणून हे बोलायचं नाही असं समजू नका. दाजींना याची फिकीर आहे की नाही ते फक्त दाजी सांगू शकतील, आणि ऑपरेशन की रेडिएशन हे ठरवताना त्यांच्या उत्तराला वजन आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा मुलाला थोडा वेळ बाहेर बसवा. बापाला मुलासमोर हे विचारता येत नाही.

बेळगाव-हुबळीकडं कुठं करायचं ठरलं तर संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत येईल. मराठीत वाचून समजावून मागा, मगच सही.

घरी आल्यावर लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) आठवडा-दहा दिवस राहील. आत शिवलेला जोड भरून यायला ती असते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, पाणी भरपूर प्यायला द्यायचं. नळीतून लघवी थांबली, पोट फुगलं, ताप आला, गुठळ्या पडू लागल्या तर ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलातच न्या. गावातल्या दवाखान्यात कुणालाही ती नळी काढू किंवा बदलू देऊ नका, आतला टाका उसवू शकतो. निघताना हॉस्पिटलचा रात्री चालणारा फोन नंबर मागून घ्या. पिंढरीत दुखून पाय सुजला किंवा धाप लागली तरी थांबायचं नाही.

सहा आठवडे जड उचलणं नाही, मोटारसायकल नाही. आणि रात्री तीन फेजची लाईट आली म्हणून पाणी पाजायला उठून जाणं नाही. दाजी जाणारच म्हणतील, मला माहीत आहे. उसाला पाणी देणं त्या दोन महिन्यांपुरतं दिरांकडं सोपवा. त्यांना मदत करायची आहेच, त्यांना काम द्या.

दिरांना आणखी एक काम सांगा. सख्ख्या भावाला हा रोग झाला की दुसऱ्या भावाला व्हायची शक्यता वाढते. त्यांनी स्वतःचं पीएसए एकदा करून घ्यावं, साधी रक्ताची तपासणी आहे. मुलानं पंचेचाळिशीच्या आसपास आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलावं, आणि वडिलांचा रिपोर्ट जपून ठेवावा, तो त्यालाही लागणार आहे.